सोळा आमदार, बाई एकही नाही

कट्ट्यावर बसल्या बसल्या एक काम करा. मोबाइल बाजूला ठेवा आणि आपल्या भागातल्या आमदारांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहा. साताऱ्याचे आठ, सांगलीचे आठ. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत निवडून आलेले हे सोळा जण. आता त्यात महिला किती, ते मोजा. एकही नाही!

आता आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत डोकवा. १९९३मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि गावपातळीवर महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११मध्ये हे आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. त्यामुळे माण असो नाहीतर जत, पंचायतीत निम्म्या जागांवर महिला आहेत. मग गावातल्या या निम्म्या बायका मुंबईच्या वाटेवर हरवतात कुठं?

‘बायकांना राजकारणात रसच नसतो’ हे उत्तर निदान आपल्याकडं तरी चालणार नाही. १९४३मध्ये इथं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या लढ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई होती, कासेगावच्या इंदूताई पाटणकर होत्या. अलीकडं जावळी तालुक्यातल्या बायकांनी ‘आडवी बाटली’ला मत देऊन दारूची दुकानं बंद पाडली. रस आहे, धमकही आहे. अडतं ते तिकिटापाशी.

विधानसभेचं तिकीट पक्ष देतो आणि पक्ष बघतो कारखाना, बँक, दूध संघ कुणाच्या हातात आहे ते. तिथं बायका किती दिसतात, हे तुम्हीच आठवा. दुसरी अडचण खुद्द पंचायतीतली. वॉर्डाचं आरक्षण फिरतं. पाच वर्षं राबून एखादी ताई कारभार शिकते, तोवर तिचा वॉर्ड ‘खुला’ होतो आणि ‘आता दादांना उभं राहू दे’ असं ठरतं. खरं तर खुल्या जागेवर महिलेला बंदी नाही. पण ‘खुला म्हणजे पुरुषांचा’ हे आपण मनातल्या मनात ठरवूनच टाकलंय.

मोठ्या पदावर पोचलेल्या महिला आपल्याकडं नाहीत असं नाही. प्रेमलाकाकी चव्हाण कराडच्या खासदार होत्या. शालिनीताई पाटील सांगलीच्या खासदार आणि पुढं कोरेगावच्या आमदार झाल्या. सुमनताई पाटील २०१५च्या पोटनिवडणुकीत तासगावातून निवडून आल्या. त्यांचं कर्तृत्व नाकारायचं कारण नाही. पण तिघींच्याही घरात आधीपासून सत्ता होती. जिच्या घरात आमदार, खासदार कुणीच नाही, तिनं कुठून यायचं?

२०२३मध्ये लोकसभा आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली. मात्र तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडलेली आहे. आणि जागा राखीव झाल्या तरी त्या नेत्यांच्या घरातच वाटल्या गेल्या, तर यादीतली नावं बदलतील, आडनावं तीच राहतील. म्हणून खरी तयारी खाली, गावात व्हायला हवी.

इथं तुमचा संबंध येतो. मतदान अठराव्या वर्षी, पण ग्रामपंचायतीला उभं राहायला एकविसावं पुरे. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणी टीवाय संपेपर्यंत उमेदवार होऊ शकतात! तोवर एवढं करा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. ती तुमच्या गावात खरंच होते का, की नुसत्या सह्या गोळा होतात, हे जाऊन बघा. आईला, काकीला सोबत न्या. आणि मुलांनो, सरपंचताईंच्या खुर्चीवर त्यांचे ‘साहेब’ बसलेले दिसले, तर ‘ताई कुठं आहेत?’ एवढं विचारायला विसरू नका.