छोटी मोटार आणि काटकसरीचा हिशेब

लहान कारखान्याच्या अथवा सहकारी संस्थेच्या संचालक मंडळापुढे येणाऱ्या विषयांत 'संस्थेसाठी छोटी मोटार खरेदी करणे' हा विषय तसा किरकोळ समजला जातो. नाशिकच्या सातपूर वसाहतीतला पंधरा-वीस कामगारांचा सुट्या भागांचा कारखाना असो, कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावातली फौंड्री असो, की तालुक्याच्या गावची पतसंस्था असो. सहा-सात लाखांची तरतूद सुचवली जाते, दोन-तीन विक्रेत्यांची दरपत्रके मागवली जातात आणि विषय निकालात निघतो. परंतु यंत्रखरेदीचा ठराव पाच मिनिटांत संमत करणारे मंडळ मोटारीच्या रंगावर आणि उंचीवर तासभर खल करते, हे ज्यांनी अशा बैठका पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. याचे कारण उघड आहे. यंत्र कामगाराच्या हाताखाली जावयाचे असते, मोटार मात्र कोणाच्या तरी दारात उभी राहावयाची असते. म्हणूनच हा किरकोळ विषय संस्थेचा पैसा नेमका कोणासाठी खर्च होतो आणि काटकसरीची कात्री शेवटी कोणावर चालते, याची कसोटी ठरतो.

एके काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्यांतच देश आटोपत असे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सामान्य मध्यमवर्गीयास परवडेल अशी छोटी मोटार देशात व्हावी ही चर्चा १९५९ च्या झा समितीपासून चालू होती. ती प्रत्यक्षात आली १९८३ च्या डिसेंबरात, जेव्हा सरकारी मालकीच्या मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकी कंपनीच्या साहाय्याने ८०० घनसेंटिमीटरांहून किंचित लहान इंजिनाची मोटार सुमारे ४७,५०० रुपयांना बाजारात आणली. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पाने 'छोटी मोटार' या शब्दांना कायद्याची मोजपट्टी लावली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोलचे इंजिन १,२०० आणि डिझेलचे १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत. अशा मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांतही पेट्रोलच्या अशा मोटारीस १८ टक्के आणि मोठ्या मोटारीस ४० टक्के असा भेद राहिला आहे. परिणाम असा झाला आहे की चार मीटरांच्या आत बसवलेली, पण उंच, रुबाबदार आणि महाग अशी वाहने 'छोटी' म्हणूनच विकली जातात. मर्यादित पैशांत खरेदी करणाऱ्या संस्थेस पहिला मोह पडतो तो येथे. कागदावर छोटी असलेली मोटार खर्चाने छोटी असेलच असे नाही.

तेव्हा मोटार कोणती घ्यावी याआधी ती घ्यावी काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्यासाठी एक साधा हिशेब पुरे. समजा, सर्व कर व विमा धरून मोटार सहा लाखांना पडली आणि पाच वर्षांनी अडीच लाखांना गेली. म्हणजे साडेतीन लाख खर्ची पडले. महिन्याला १,५०० किलोमीटर धाव, लिटरला १८ किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव शंभर रुपये धरला, तर वर्षाला एक हजार लिटर, म्हणजे पाच वर्षांत पाच लाख रुपये इंधनाचे झाले. विमा, टायर, दुरुस्ती यांसाठी वर्षाला ४० हजार धरले तर दोन लाख. चालकाला महिना १८ हजार वेतन दिले तर पाच वर्षांचे १० लाख ८० हजार. एकूण २१ लाख ३० हजार. म्हणजे ज्या 'सहा लाखांच्या' मोटारीचा ठराव झाला, तिचा खरा खर्च कर्जाचे व्याज न धरताही त्याच्या साडेतीनपट आहे, आणि किलोमीटरला तो चोवीस रुपयांच्या आसपास पडतो. आता हीच मोटार महिन्याला केवळ ५०० किलोमीटर फिरली तर? बाकीचा खर्च तसाच राहिल्याने किलोमीटरमागे साठ रुपये पडतील. एवढ्या पैशांत भाड्याची मोटार कितीतरी स्वस्त मिळते. अनेक संस्थांची गरज महिन्यातून बँकेच्या चार फेऱ्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दोन, एवढीच असते. त्यांनी मोटार न घेणे हीच उत्तम निवड होय.

ज्यांची धाव खरोखरच मोठी आहे त्यांनी इंधनाचा निर्णयही याच हिशेबावर सोपवावा. सी.एन.जी.च्या गाडीसाठी समजा ९० हजार अधिक मोजावे लागले आणि किलोला ८० रुपये भावाने २५ किलोमीटर धाव मिळाली, तर महिना १,५०० किलोमीटर फिरणाऱ्यास वर्षाला सुमारे ४२ हजारांची बचत होऊन दोन-सव्वादोन वर्षांत जादा पैसे वसूल होतात. ५०० किलोमीटर फिरणाऱ्यास त्यासाठी सहा वर्षांहून अधिक थांबावे लागते. शिवाय गॅसच्या टाकीने मागची जागा खाल्ली की नमुन्यांची पेटी ठेवायची कोठे, हा प्रश्न उरतोच. रोज ठरावीक मार्गाने जाऊन रात्री कारखान्याच्या आवारात परतणाऱ्या गाडीसाठी विजेवरील मोटारीचाही विचार व्हावा; तिच्यावरील वस्तू व सेवा कर २०१९ च्या ऑगस्टपासून पाच टक्केच आहे. आणि जिथे माणसांपेक्षा मालाची ने-आण अधिक, तिथे छोटे मालवाहू वाहन अधिक सोयीचे. प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराची वजावट सामान्य कंपनीस कायद्याने मिळत नाही, मालवाहू वाहनावर भरलेल्या कराची मिळू शकते. पाच लाखांच्या किमतीत १८ टक्क्यांनी ७६ हजारांहून अधिक रक्कम कराची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या भेदाचे महत्त्व पटेल. अर्थात अशा वाहनाच्या हौद्यात कामगारांना कोंबून नेण्याचा जो प्रघात आहे तो कोणत्याही काटकसरीने समर्थनीय ठरत नाही.

या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. विक्रेता किंमत सोडत नाही, पेट्रोल पंपावर घासाघीस चालत नाही, विमा कंपनी आणि सरकार आपले पैसे घेतल्याशिवाय राहत नाहीत. तरतूद अपुरी पडली की ताणता-दाबता येईल अशी एकच बाब शिल्लक उरते, ती म्हणजे चालक. मग १८ हजारांचे १२ हजार होतात. 'शिपाई-कम-ड्रायव्हर' अशी एक नेमणूक करून दोन माणसांचे काम एकाच्या गळ्यात बांधले जाते. किंवा वाहन चालवण्याचा परवाना आहे एवढ्यावरून हिशेबनीसाच्याच हाती किल्ली दिली जाते, जादा वेतनाशिवाय. पहाटे पाचला साहेबांना स्टेशनवर सोडणारा आणि रात्री अकराला आणणारा हा माणूस मधला वेळ गाडीतच काढतो, आणि तो वेळ काम म्हणून कोणी मोजत नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात कामाच्या तासांना मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट मोबदला ही तत्त्वे आहेत. परंतु त्याची बहुतेक कलमे अगदी लहान आस्थापनांना लागू होत नाहीत. जिथे कायदा पोचत नाही तिथे संस्थेच्या ठरावाने पोचावे लागते. भाड्याची मोटार घेतली म्हणून ही जबाबदारी सर्वस्वी संपते असेही नव्हे; दर ठरवताना चालकाच्या विश्रांतीची आणि मुक्कामाची अट घालणे संस्थेच्या हाती असते.

दुसरी कात्री चालते ती सुरक्षिततेवर. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एन.सी.ए.पी. या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारींच्या मूळ, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आदळवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत पाचही मोटारींना एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम बदलले. चाके जाम होऊ न देणारी ए.बी.एस. ब्रेकयंत्रणा आणि चालकापुढची एअरबॅग २०१९ साली सक्तीची झाली, शेजारच्या आसनापुढची एअरबॅग त्यानंतर आली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एन.सी.ए.पी. ही देशी चाचणीही सुरू झाली. ही चाचणी ऐच्छिक असली तरी तिचे निकाल पाहून निवड करणे कोणासही शक्य आहे. परंतु मर्यादित तरतुदीची संस्था पुष्कळदा जुन्या मोटारीकडे वळते आणि २०१९ पूर्वीची, सर्वांत स्वस्त आवृत्तीची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून समाधान मानते. त्या गाडीत संचालक आठवड्यातून एकदा बसतो. चालक रोज बसतो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. वातानुकूलन आणि मोठा पडदा यांवर ३० हजार खर्चावयाचे आणि चालकापुढच्या एअरबॅगविना गाडी घ्यावयाची, या व्यवहारास काटकसर म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न मालकीचा. महाराष्ट्रात कंपनीच्या नावे नोंदल्या जाणाऱ्या मोटारीवर एकरकमी वाहनकर व्यक्तीच्या नावावरील मोटारीपेक्षा बराच अधिक पडतो. तो वाचवण्यासाठी पैसा कंपनीचा आणि नोंदणी संचालकाच्या नावाची, अशी युक्ती सर्रास योजली जाते. कराचे काही हजार वाचतात खरे. परंतु विमा त्याच्या नावे, विक्रीचा हक्क त्याचा, घसाऱ्याची वजावट वादात, आणि उद्या तो संस्था सोडून गेला किंवा निवर्तला तर मोटार कोणाची याचा तंटा उभा राहतो. सहकारी संस्थेत तर हा सभासदांच्या पैशांचा प्रश्न आहे.

मालकीशी जोडलेला चौथा प्रश्न वापराचा. रविवारी मोटार कोठे असते? कंपनीची मोटार खासगी कामासही वापरली तर आयकराच्या नियमांनुसार अधिकाऱ्याच्या उत्पन्नात तिचे काही मूल्य धरले जाते. २००९ साली हे मूल्य १,६०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनासाठी महिना १,८०० रुपये व चालक असल्यास आणखी ९०० रुपये, असे ठरले आणि पुढे वर्षानुवर्षे ते हलले नाही. म्हणजे वर्षाला ३२,४०० रुपये. वर दिलेल्या उदाहरणात त्याच मोटारीचा वर्षाचा खर्च सव्वाचार लाखांच्या घरात जातो. निम्मा वापर खासगी असेल तर दोन लाखांहून अधिक रकमेचा लाभ मिळतो आणि कर मात्र त्याच्या लहानशा अंशावर बसतो. व्यवस्थापकास दोन लाखांची पगारवाढ द्यावी असा ठराव आला असता तर त्यावर चर्चा झाली असती, कामगारांनीही आपली मागणी पुढे केली असती. मोटारीच्या रूपाने तीच वाढ बिनबोभाट मिळून जाते.

लहान कारखानदारांचे म्हणणे येथे ऐकून घेतले पाहिजे. मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी आणि बँकेचा व्यवस्थापक दारात आलेल्या मोटारीवरून माणसाची पत जोखतात, असे ते सांगतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. रिक्षातून उतरणाऱ्यास बाहेरच्या बाकावर अधिक वेळ बसावे लागते, हा या समाजाचा दोष आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून कुवतीपलीकडची मोटार घेतली, तर तिचा हप्ता शेवटी बोनसमधून किंवा लांबलेल्या पगारातून फेडला जातो. बँक ताळेबंद पाहते आणि ग्राहक माल वेळेवर आला काय हे पाहतो. त्यांच्याशी दीर्घकाळ चालणारा व्यवहार अखेर यावरच टिकतो.

अशा संस्थांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि कामगार प्रतिनिधींनी म्हणूनच मोटारीच्या ठरावास हात वर करण्यापूर्वी काही अटी ठरावातच लिहून घ्याव्यात. गेल्या सहा महिन्यांत संस्थेच्या कामासाठी किती किलोमीटर प्रवास झाला याचा तक्ता सभेपुढे यावा. किमतीबरोबर पाच वर्षांचा एकूण खर्च मांडला जावा आणि त्यात चालकाचे वेतन, जादा तासांचा मोबदला व मुक्कामाचा भत्ता स्वतंत्रपणे दाखवावा. दोन एअरबॅगा व ए.बी.एस. नसलेली मोटार, नवी असो वा जुनी, विचारात घेऊ नये. नोंदणी संस्थेच्याच नावे व्हावी. लॉगबुक रोज भरले जावे, ते महिन्यातून एकदा बैठकीत ठेवले जावे, आणि खासगी वापराचे पैसे किलोमीटरच्या ठरलेल्या दराने वसूल व्हावेत. रात्री-अपरात्री एखादा कामगार जखमी झाला तर ही मोटार त्याच्यासाठी निघेल, हेही त्यात नोंदवावे.

या अटी मान्य झाल्यावर रंग कोणता घ्यावयाचा याचा निर्णय मंडळाने खुशाल पाच मिनिटांत करावा. त्या मान्य होत नसतील, तर अमुक कंपनीची की तमुक कंपनीची ही चर्चा निरर्थक आहे. कारण मग संस्थेच्या पैशाने एका माणसाची मोटार घेतली जात आहे, आणि तसा ठराव संमत करण्यासाठी संचालक मंडळास निवडून दिलेले नसते.