बैलाचे दात आणि संगणकाचे वय

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात पाहते, हे खरे. पण केवळ दात पाहून सौदा करणाऱ्याला तिथे कोणी जाणकार म्हणत नाही. बैल चालवून पाहावा लागतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण साहित्याची मंडळी दातांवरच थांबतो, आणि दातही दुसऱ्याने मोजलेले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी निबंध, प्रश्नपत्रिका, प्रबंध यांसाठी पुरेसे असलेले असंख्य संगणक एका घोषणेने 'म्हातारे' ठरले. त्यांवर लिनक्स चालवा असे सुचवले, की थोडेफार वाचलेला प्राध्यापक तत्काळ म्हणतो, "त्याची पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणाच १९८७ ची आहे!"

हा आक्षेप नीट तपासू. एक्स विंडो ही यंत्रणा १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची, हे खरेच आहे. तिच्या मूळ रचनेत अक्षर म्हणजे एका क्रमांकाचे एक चित्र. देवनागरीला हे पुरत नाही. 'क्षि' लिहिताना वेलांटी उच्चारात शेवटी येते, पण उमटते आधी. आणि 'क' व 'ष' मिळून तिसरेच रूप घेतात. म्हणून अक्षरजोडणीचे काम एक्सच्या हातून निघून पँगो, हार्फबझ यांसारख्या स्वतंत्र ग्रंथालयांकडे गेले. एक्स तयार चित्रे पोचवणारा मध्यस्थ तेवढा उरला. त्यातच एका खिडकीत टंकलेले दुसऱ्या प्रोग्रॅमला टिपता येते, ही त्याची गंभीर उणीव. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने तो मध्यस्थच काढून टाकला. २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये तर ग्नोमचे एक्सवरील सत्र उरलेलेच नाही. एक्सचे दोष आधी ओळखणारे आणि वेलँड उभारणारे बव्हंशी एक्सचेच कारागीर होते. जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडच्या आधाराने आजही चालतात. स्थित्यंतरात त्रास होतोच: टंकलेखनाची काही साधने आणि अंध वाचकांसाठीच्या काही सोयी अडखळल्या. पण तो त्रास उघड्यावर चर्चिला गेला. वापरणाऱ्याला यंत्र बदलण्याचा हुकूम कोणी सोडला नाही.

तेव्हा प्रश्न वयाचा नाही, मालकीचा आहे. मराठीच्या अभ्यासकाला हे तरी कोणी सांगायला नको. घोडेगाव ज्या तालुक्यात आहे त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे शक्य झाले, कारण नकला बिघडल्या असल्या तरी वाचता येत होत्या. याउलट १९९० च्या दशकात खाजगी फॉन्टांच्या सांकेतिक क्रमांकांत लिहिलेले मराठी आठवा. तो फॉन्ट नसेल तर संपूर्ण प्रबंध म्हणजे रोमन अक्षरांचा कचरा! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपण वर्षानुवर्षे त्या कुलपांतच लिहीत राहिलो. तीस वर्षांतच न वाचता येणारा मजकूर निर्माण करण्याचा हा पराक्रम बोरूने लिहिणाऱ्या लेखकूंना कधी जमला नव्हता.

महाराष्ट्रात संगणक-साक्षरता २००१ पासून एमएस-सीआयटीने घरोघर नेली. पण तिच्यासोबत संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही रुजले. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारून मुलांना मल्याळममधून तिच्यावर शिकवले. तिथली मुले काही निराळ्या मातीची नाहीत.

लिनक्स निर्दोष आहे असा दावा इथे नाही. ज्याचे काम एखाद्या विशिष्ट विंडोज-प्रोग्रॅमवाचून अडते, त्याने खुशाल विंडोज ठेवावे; निवड डोळसपणे केली म्हणजे झाले. मराठी विभागांनी मात्र दोन कामे टाळू नयेत. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि 'अपात्र' ठरलेला एक तरी संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून, त्यात मराठी टंकून पाहावे. लेखनाचे साधन कोणाच्या हुकमाने मरते, हा तांत्रिक प्रश्न समजून जे साहित्यिक तो तंत्रज्ञांवर सोडतात, त्यांनी भाषेच्या भवितव्यावर परिसंवाद तरी घेऊ नयेत.