पर्यटक की गिऱ्हाईक?

उन्हाळ्याच्या सुटीचे वेध लागले की मराठी वृत्तपत्रांची पाने परदेशी सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. हिमाच्छादित शिखरे, निळा समुद्र, कोपऱ्यात सुलभ हप्त्यांची सोय आणि तळाशी ‘रोज भारतीय जेवण’ हे आश्वासन! वाचकाला वाटते, ही आपल्या ओळखीच्या सहल कंपनीची जाहिरात आहे. ती असतेही, पण तिच्यामागे पुष्कळदा एखाद्या परक्या देशाचे पर्यटन मंडळ उभे असते. ही मंडळे मुंबई-दिल्लीत आपले प्रतिनिधी नेमतात, सहल कंपन्यांच्या मंडळींना आपल्या देशात फिरवून आणतात, जाहिरातीच्या खर्चात वाटा उचलतात आणि चित्रपट निर्मात्यांना चित्रीकरणासाठी पायघड्या घालतात. आपली सुटी कोठे जाणार, हे आपण घरात चहा घेताना ठरवतो असे आपल्याला वाटते, इतकेच.

या कलेत स्वित्झर्लंडचा हात धरणारा कोणी नाही. यश चोप्रांनी आपल्या नायक-नायिकांना तेथील कुरणांवर नाचवले, ते कोणा स्विस अधिकाऱ्याने सांगितले म्हणून नव्हे. पण त्या नाचाचे मोल त्या देशाने ओळखले. युंगफ्राऊ रेल्वेने आपल्या एका गाडीला चोप्रांचे नाव दिले, २०१६ मध्ये इंटरलाकेनला त्यांचा पुतळा उभा राहिला आणि साडेतीन हजार मीटर उंचीच्या युंगफ्राऊयोखवर भारतीय जेवणाचे उपाहारगृहही थाटले गेले. पुढे रणवीर सिंह आणि २०२२ मध्ये भालाफेकपटू नीरज चोप्रा यांना त्या देशाने आपले दूत केले. दुबईने २०१६ मध्ये शाहरुख खानला हाताशी धरले. २०११ च्या एका हिंदी चित्रपटाने स्पेनमधील टोमॅटोफेकीचा उत्सव आपल्या घराघरांत पोहोचवला. ऑस्ट्रेलियाने तर २०२५ मध्ये भारतासाठीच्या जाहिरातीत सारा तेंडुलकरला उभे केले. म्हणजे सचिनवरच्या आपल्या मायेचाही हिशेब सिडनीत मांडला गेला!

यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. व्यापाऱ्याने गिऱ्हाईक ओळखावे, यात गैर ते काय? भारतीय माणूस कुटुंबासह फिरतो, आजी बरोबर असते, तिला कांदा-लसूण चालत नाही, मुलांना बर्फ हवा असतो आणि सुनेला छायाचित्रे, हे सारे त्यांनी अभ्यासून घेतले. प्रश्न आपला आहे. आपण स्वतःला तितके ओळखतो काय?

आकडे पाहिले म्हणजे व्यवहाराचा आवाका ध्यानी येतो. २०२४ मध्ये ३ कोटी ८ लाखांहून अधिक भारतीय परदेशी गेले. त्यात नोकरी-शिक्षणासाठी गेलेले आणि मुलानातवंडांना भेटायला गेलेले आहेत हे खरे. पण त्याच वर्षी भारतात आलेल्या विदेशी पर्यटकांची संख्या एक कोटीलाही पोहोचली नाही. करोनापूर्वी, २०१९ मध्ये, तिने ती मर्यादा ओलांडली होती. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली केवळ प्रवासासाठी २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी सुमारे १७ अब्ज डॉलर बाहेर गेले. रुपयांत मांडायचे तर वर्षाला १ लाख ४० हजार कोटींच्या आसपास.

आता आपली बाजू पाहू. २००२ मध्ये ‘अतुल्य भारत’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा तिचे जगभर कौतुक झाले. पण मार्च २०२३ अखेर लंडन, न्यूयॉर्क, फ्रँकफर्ट, टोकियो यांसह परदेशांतील आपली उरलीसुरली पर्यटन कार्यालये बंद करण्याचा निर्णय झाला. विदेशातील प्रसिद्धीसाठी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ३३ कोटींची तरतूद होती. पुढच्या वर्षी ती ३ कोटींवर आली. हे काम आता दूतावास करतील आणि महाजालावरून होईल, असे सांगितले जाते. पारपत्रे, परिषदा आणि मंत्र्यांचे दौरे सांभाळणारा दूतावासातील अधिकारी हंपी आणि वेरूळ विकायला केव्हा बसणार? सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, असे नव्हे. उलट आपणच तो अधिक आग्रहाने विचारला पाहिजे. पंतप्रधानांनी २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी देशातील पंधरा स्थळे पाहण्याचे आवाहन केले, २०२३ मध्ये विवाह देशातच करा असे सांगितले. आपल्या माणसांना जे सांगितले, तेच जगाला सांगायला आपली माणसे नकोत काय?

बाहेर आपले स्वागत कसे होते, तेही एकदा पाहावे. जाहिरातीतला युरोप हात पसरून बोलावतो. व्हिसाच्या खिडकीवरचा युरोप मात्र आपली पासबुके, पगारपत्रके आणि परतण्याचा पुरावा उलटसुलट तपासतो. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज झाले आणि त्यांतील १ लाख ६५ हजार फेटाळले गेले. जून २०२४ पासून प्रौढ माणसाला या अर्जासाठी ९० युरो शुल्क पडते आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. निवृत्त शिक्षक दांपत्याने आयुष्यभराच्या शिलकीतून काढलेली ती रक्कम असते. यावर ना पर्यटन मंडळ बोलत, ना सहल कंपनी.

गिऱ्हाईक म्हणून आपली शक्ती किती, हे दोनदा दिसून आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांविषयी अश्लाघ्य उद्गार काढले. आदल्या वर्षी तेथे दोन लाखांवर भारतीय गेले होते. त्या वर्षी ती संख्या सुमारे १ लाख ३० हजारांवर आली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्या देशाचे पर्यटनमंत्री दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूत ‘या, तुमचे स्वागत आहे’ असे सांगत फिरत होते. तुर्कस्तानची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ राबवून आपले जवान आणि वैद्य तेथे धाडले. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी तोच देश पाकिस्तानच्या पाठीशी उभा राहिला. २०२४ मध्ये तेथे सव्वातीन लाखांहून अधिक भारतीय गेले होते. कोणताही सरकारी हुकूम नसता लोकांनी आरक्षणे रद्द केली, आपले नुकसान सोसून रद्द केली. हा विवेक सामान्य कुटुंबांनी दाखवला, याचा अभिमान वाटतो. मात्र संतापाचे आयुष्य एका हंगामाचे असते. स्वस्त विमानभाड्याची एक जाहिरात येते आणि सारे विसरायला होते.

म्हणून मग परदेशी जाऊच नये काय? मुळीच नाही. सिंधुबंदी ही आपल्या पायांतली बेडी आहे, असे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ठणकावून सांगितले. ती पुन्हा घालण्याचा उपद्व्याप आपण का करावा? जावे, अवश्य जावे. पण काय पाहायचे, हे दुसऱ्याच्या जाहिरातीने का ठरवावे?

स्वित्झर्लंडच्या सहलीत चॉकलेट आणि घड्याळे असतात. त्याच देशातील जिनिव्हात श्यामजी कृष्ण वर्मा यांचे १९३० मध्ये निधन झाले आणि त्यांच्या अस्थी मायभूमीची वाट पाहत तब्बल ७३ वर्षे तेथे राहिल्या. २००३ मध्ये नरेंद्र मोदी यांनी, तेव्हा ते गुजरातचे मुख्यमंत्री होते, त्या परत आणल्या. फ्रान्स म्हणजे पॅरिसचा मनोरा. ८ जुलै १९१० ची उडी जेथे पडली ते मार्से वेगवान रेल्वेने पॅरिसपासून साडेतीन तासांच्या आत आहे. लंडनमध्ये मेणाच्या पुतळ्यांसाठी रांग लावणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जण हायगेटमधील ‘इंडिया हाऊस’च्या वास्तूपर्यंत जातात? डॉ. बाबासाहेब आंबेडकर जेथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. म्हणजे ते आपलेच आहे.

आणि पूर्वेकडे तर काय सांगावे! व्हिएतनामचे दा नांग आज भारतीयांना समुद्रकिनारा आणि विवाहस्थळ म्हणून विकले जाते. तेथून दीड-दोन तासांवर मी सोन आहे. चंपा राजांनी भद्रेश्वर शिवासाठी वसवलेले मंदिरांचे खोरे, संस्कृत शिलालेखांसह. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे जीर्णोद्धार केला आणि २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड शिवलिंग भूमीतून वर आले. बालीला जाणारा मराठी मधुचंद्री जोडपा-जमाव जावा बेटावरील प्रंबानन न पाहताच परततो. तेथील मंदिराच्या कठड्यांवर सारे रामायण कोरलेले आहे.

सहल कंपन्यांना हे ठाऊक नाही, असे नाही. ‘कार्यक्रमात बसत नाही’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. पण पंचवीस-तीस जणांचा गट उभा राहिला की तोच कार्यक्रम बदलतो, हा त्यांचाच धंद्याचा नियम आहे. असा गट एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघातून, वाचनालयातून किंवा चार शेजारच्या सोसायट्यांतून सहज जमू शकतो. उन्हाळी सहलींचे आरक्षण कित्येक महिने आधी सुरू होते. मागणी नोंदवायची ती त्याच्याही आधी.