कॅमेरा मागाहून बघू, आधी लेन्सचं बोला

ग्रुपवर बहुतेक जण जुन्या बेळगावच्या आठवणी लिहितात, मीही लिहितो. आजच्या पोस्टमध्ये आठवण आहे, पण थोडं भांडणही आहे. घरात पोराने कॅमेऱ्याचा हट्ट धरलाय अशा आईबापांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या गणपतीत आम्ही सगळे निपाणीला धाकट्या बहिणीकडे होतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि तिने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. “दादा, ह्येला जरा समजावून सांग की. दीड लाखाचा कॅमेरा पायजे म्हणतोय. कशाला, तर विमानांचे फोटो काढायला!” भाचा मागे भिंतीला टेकून उभा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अभ्यासात बरा, बोलायला कमी. बहिणीकडे भिशीचे आणि शिवणकामातून साठवलेले पैसे होते. ते तिने पाटल्यांसाठी ठेवले होते, हे मला माहीत होतं. सगळ्यांना वाटलं, बँकेत आयुष्य काढलेला मामा आता खर्चावर भाषण देणार.

मी म्हणालो, “विमानांचे फोटो काढू दे त्याला. पण दीड लाखाची बॉडी घेऊ नकोस.” दोघंही माझ्यावर रागावले. आईला पहिलं वाक्य पटलं नाही, पोराला दुसरं.

आता मी असं का म्हणालो ते सांगतो.

लहानपणी शहापुरातून रविवारी सकाळी वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून बागलकोट रस्त्याने सांबऱ्याला न्यायचे. पायाला मुंग्या येईपर्यंत दांडी टोचायची. विमान दिसेलच असं काही नव्हतं. दिसलं नाही तर वडील गोष्ट सांगायचे. हा तळ १९४२ साली महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांच्या हवाई दलाने बांधला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी इथूनच हंटर विमानं उडाली व बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर तुटून पडली. गोष्ट सांगताना ते हाताने विमान करून दाखवायचे आणि सायकल डुगडुगायची. त्या दिवसांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. कॅमेरा होता तो लग्नकार्यापुरता, आणि छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये विमानासाठी एक फोटो घालवणं म्हणजे चैन.

म्हणून २०१२ मध्ये माझ्या मुलाला विमानांचं वेड लागलं तेव्हा मी जरा जास्तच हुरळलो. दुकानात गेलो आणि “चांगल्यातला दाखवा” म्हणालो. कॅनन ६००डी घेतला, १८ मेगापिक्सल, सोबत १८-५५ची लेन्स. मेगापिक्सलचा आकडा मला पाठ, लेन्सवरचे आकडे काय सांगतात ते विचारलंसुद्धा नाही. पोरगा उत्साहाने गेला, दीडशे फोटो काढून आला. कॉम्प्युटरवर बघितलं तर भलंमोठं आभाळ आणि मधे झुरळाएवढं विमान. मी काय म्हणालो असेन? “एवढे पैसे घातले, तुला नीट काढता येईना होय?” तो काही बोलला नाही. आणखी दोन-तीनदा गेला, मग कॅमेरा कपाटात गेला. दोन पावसाळ्यांनंतर बाहेर काढला तेव्हा लेन्सच्या आत बुरशीचं पांढरं जाळं पसरलेलं. चूक माझी होती, बोलणी त्याने खाल्ली. आज तो पुण्यात नोकरीला आहे. विमानांचा विषय आमच्यात परत निघत नाही.

त्या वेळी हे गणित कुणी मांडून दाखवलं असतं तर! एटीआर ७२ हे आपल्याकडे येणारं पंख्याचं विमान साधारण २७ मीटर लांब. ते हजार मीटरवर असताना ५५ मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढला, तर साध्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ते चौकटीच्या रुंदीचा सोळावा भाग व्यापतं. तिथेच ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तर तिसरा हिस्सा. आणि विमान ४०० मीटरवर आलं, तर २८०च्या आसपासच चौकट छान भरते. म्हणजे बॉडी लाखाची असो की वीस हजारांची, झुरळाचं विमान करते ती लेन्स.

“मग मामा, फुल फ्रेम?” भाच्याचा प्रश्न. यूट्यूबवाल्यांनी पोरांच्या डोक्यात हे भरवलेलं असतं. अरे बाबा, मोठा सेन्सर लग्नाच्या हॉलमधल्या अंधारात उपयोगी. विमान दिवसाढवळ्या उन्हात उडतं. छोट्या सेन्सरवर ३००ची लेन्स निकॉनमध्ये ४५०सारखी आणि कॅननमध्ये ४८०सारखी दिसते. लांबच्या वस्तूसाठी गरिबाचा सेन्सरच फायद्याचा. आयुष्यात असं फार थोड्या ठिकाणी होतं, तेव्हा घ्यावा तो फायदा.

फोकसच्या वेगाबद्दलही असंच. पाखरू कुठे वळेल सांगता येत नाही, त्याच्यासाठी महागडा फोकस लागतो हे मान्य. विमान मात्र सरळ रेषेत, वेळापत्रक लावून येतं (उशिरा येतं, पण सरळ येतं). निकॉन डी५०० हा २०१६चा, कॅनन ७डी मार्क टू तर २०१४चा. दोन्ही सेकंदाला १० फोटो काढतात आणि जुन्या बाजारात मिळतात. विमानासाठी यापेक्षा जास्त लागतं असं मला तरी वाटत नाही. नव्या मिररलेसमध्ये विमान ओळखून त्याला धरून ठेवणारा फोकस आलाय, छान आहे, पण आईच्या पाटल्यांइतका छान नाही.

मिररलेसवाल्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावून एटीआरचा फोटो काढाल तर पंख्याची पाती केळीच्या पानासारखी वाकडी येतील. बहुतेक सेन्सर चित्र एका दमात वाचत नाहीत, एकेक ओळ वाचतात, तोवर पातं पुढे गेलेलं असतं. म्हणून मेकॅनिकल शटरच लावायचं.

पंख्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण आपल्या भागातल्या फोटोंची खरी परीक्षा तिथेच आहे. मुंबई-दिल्लीच्या पोरांना जेट विमानं मिळतात, १/१००० सेकंद लावलं की काम झालं. आपल्याकडे एटीआर जास्त. टेकऑफच्या वेळी तिचा पंखा मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. पाती सहा, दोन पात्यांमधलं अंतर ६० अंश. १/१००० ला पातं जेमतेम सात अंश सरकतं, म्हणजे फोटोत पंखा थिजलेला, विमान दोरीने टांगल्यासारखं. १/१२५ ला ते जवळजवळ ५८ अंश सरकतं आणि सहा पात्यांची मिळून गोल चकती उमटते. तेच हवं! पण १/१२५ ला ३००ची लेन्स हातात धरून, पळत्या विमानाबरोबर कंबरेतून वळायचं म्हणजे तपश्चर्या आहे. सुरुवातीला पन्नासातले दोन साधतात. म्हणून लेन्समध्ये थरथर रोखणारी सोय हवीच. निकॉनमध्ये तिला व्हीआर म्हणतात, कॅननमध्ये आयएस. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. ज्यांना एवढी तपश्चर्या झेपत नाही त्यांनी १/२५० वर राहावं, पंखा अर्धामुर्धा फिरलेला दिसतो, वाईट नाही. स्टार एअरच्या एम्ब्रेअरला पंखा नाही, तिथे शटर खुशाल वाढवा.

लेन्स कुठली, तर माझं मत सरळ आहे. पहिली ७०-३०० किंवा कॅननची ५५-२५०, सेकंडहँड. वर्षभर घाम गाळल्यावर पोरगा टिकला तर १००-४०० किंवा सिग्मा-टॅमरॉनची १५०-६००. निकॉनची २००-५०० सुरेख आहे, पण वजन दोन किलोच्या वर, बसमधून निपाणी ते बेळगाव करणाऱ्या पोराच्या खांद्याचाही विचार करा. कॅननवाल्या मिररलेसला आरएफ १००-४०० फक्त साडेसहाशे ग्रॅमच्या आत आहे. उजेड कमी घेते, पण आपल्याकडे डिसेंबर ते मे उजेडाला काय तोटा? आणि एक फसगत सांगून ठेवतो. निकॉनच्या एएफ-पी लेन्स डी७०००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. ओळखीच्या एकाने लेन्स एकीकडून आणि बॉडी दुसरीकडून घेतली, दोन्ही चांगल्या, पण एकमेकींशी बोलेनात. पैसे देण्याआधी जोडी लावून बघा.

आता उभं कुठे राहायचं. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम. कोल्हापूरची उजळाईवाडीचीही साधारण तशीच, आणि निपाणीकरांना बेळगावपेक्षा तीच जवळ. (सीमेच्या अलीकडे राहून पलीकडचं विमान बघायचं, आपलं सगळंच असं.) वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून चालतो, तेव्हा दक्षिण बाजूला उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, पण त्यातले निम्मे दिवस पावसात जातात. एप्रिल-मेच्या दुपारी तर जाऊच नका. रान तापलं की हवा नुसती थरथरते आणि सहा लाखांची लेन्ससुद्धा विमानाचा पाण्यात पडलेला पडसाद टिपते. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. शेताच्या बांधावर उभं राहायचं तर आधी मालकाला विचारा, आणि पीक तुडवू नका. पाणी विचारणारी माणसं आहेत ती.

आणि ज्यासाठी बहीण खरी घाबरली होती ते: पोलिसांनी धरलं तर? तिची भीती फुकाची नाही. १९३७च्या विमान नियमांपासून आपल्याकडे विमानतळावर फोटो काढण्यावर बंधनं आहेत, आणि सांबऱ्याला शेजारीच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानं टिपणारे दोन ब्रिटिश हौशी लोक पकडले गेले होते. इंग्लंडात हीथ्रोच्या कडेला मर्टल ॲव्हेन्यूवर लोक खुर्च्या टाकून, डबे घेऊन दिवसभर बसतात. तिथली सवय इथे चालत नाही. मी भाच्याला तीन गोष्टी बजावल्या. हवाई दलाच्या भिंतीकडे, जवानांकडे, त्यांच्या विमानांकडे लेन्स वळवायची नाही. कुंपणाला चिकटायचं नाही, सार्वजनिक जागेवरून आभाळातलं प्रवासी विमान तेवढंच. कुणी गणवेशातल्याने हटकलं तर वाद न घालता ओळखपत्र दाखवायचं, फोटो दाखवायचे आणि जा म्हटलं की निघायचं. गोव्याला दाबोळीला गेलास तर कॅमेरा पिशवीतून काढूच नकोस, तो नौदलाचा तळ आहे. बेंगळुरूचं एरो इंडिया असतं, तिथे तिकीट काढून सूर्यकिरणचे फोटो पोटभर काढ, तिथे कुणी अडवत नाही.

तरी काही जण म्हणतील, विमानांचे फोटो काढून मिळतं काय? मला हा प्रश्न कळत नाही. क्रिकेट बघून काय मिळतं ते कुणी विचारत नाही. हा पोरगा विमान बघून त्याचं इंजिन सांगतो, वारा कुठून आहे ते सांगतो, आज ते पश्चिमेकडून का उतरणार तेही सांगतो. पहाटे पाचला आपणहून उठतो. ह्यापेक्षा आईबापाला काय हवं असतं?

शेवटी असं ठरलं. पाटल्यांच्या पैशांना हात लावायचा नाही. आईने भिशीतले थोडे द्यायचे, भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत दुकानात काम करून थोडे जमवायचे, उरलेले मी. मामाने का, असं बायकोने विचारलं. मी २०१२चा विषय काढला नाही, पण तिला कळलं असणार.

तर मंडळी, ग्रुपमध्ये कुणाच्या कपाटात ७०-३०० किंवा ५५-२५० पडून असेल तर मेसेंजरवर कळवा. योग्य किंमत देऊ. मात्र लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघूनच घेणार, आपल्या बेळगावच्या पावसाला मी ओळखून आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या भाच्याने आत्ताच आणून ठेवल्यात. लेन्स यायची आहे.