पोरगं अग्निवीर झालं. चार वर्षांचा हिशेब आता आईबापानंच मांडायचा

खटाव तालुका : गेल्या वर्षी आमचा थोरला भरती झाला. कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयात हजर व्हायचं होतं म्हणून सातारा स्टँडवर त्याला पहाटेच्या गाडीत बसवला. त्याच गाडीला शेजारच्या गावातली अजून दोन पोरं होती. तिघांच्या आया एका बाकड्यावर बसलेल्या, कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. गाडी हलली तशी आमची मंडळी एवढंच म्हणाली, "चटणी खालच्या कप्प्यात आहे रं." चटणी केंद्रावर चालते का नाही, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आपल्या माण-खटावला ही गोष्ट नवीन नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, गावाच्या नावातच मिलिटरी. पाऊस नाही, जमीन मुरमाड, म्हणून पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत गेली. आजही पहाटे रस्त्याला निघालात तर प्रत्येक वाडीची पाच-दहा पोरं पळताना दिसतील. म्हणजे पोरगं फौजेत पाठवणं आपल्याला माहीत आहे. पण आज ते ज्या नोकरीवर चाललंय ती आपल्या वडिलांच्या काळची नोकरी नाही. तिथंच आईबापाची गल्लत होतेय.

बदललं काय?

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अग्निपथ योजना आणली. त्याआधी शिपाई म्हणून गेलेला माणूस पंधरा वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन घरी यायचा. आता भरती होते ती चार वर्षांसाठी. चार वर्षांनी तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात आणि पुढं किमान १५ वर्षं नोकरी करतात. बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळं कँटीन आणि दवाखान्याची सोयही नाही.

पहिल्या तुकड्या २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेल्या. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून पहिली पोरं चार वर्षं भरून परत येऊ लागणार. आज पोराला गाडीत बसवणाऱ्या बापाला हा दिवसही आजच डोळ्यासमोर ठेवावा लागतो.

पहिले सहा-सात महिने

शाखेप्रमाणं कमीजास्त, पण ट्रेनिंग साधारण सहा ते सात महिन्यांचं. आपल्याकडची बरीच पोरं बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावर जातात. काही नाशिक रोडला तोफखान्यात, काही खडकीला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, काही अहिल्यानगरला. नौदलवाली पोरं ओडिशात चिल्काला.

या काळात घरच्यांना सगळ्यात जड जातो तो फोन. सुरुवातीला मोबाईल जमा करून घेतात. मग आठवड्यातून एखादा फोन, बहुतेक रविवारी, तोही दोन-चार मिनिटांचा. जे पोरगं घरात दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचं, त्याचा आवाज ऐकायला आई रविवारी शेतावर येत नाही. आमच्या घरी पहिल्या महिन्यात दोन रविवार फोनच आला नाही. मी कांद्याला पाणी देत होतो आणि घटकेघटकेला खिसा चाचपत होतो. तिसऱ्या रविवारी आला. पोरगं म्हणालं, "पप्पा, रांग लय मोठी होती, माझा नंबर येईपर्यंत वेळ संपला." एवढंच कारण. आणि आम्ही घरात काय काय विचार केले होते!

जुन्या फौजी मंडळींनी मला तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. एक, फोनवर रडायचं नाही आणि घरची भांडणं सांगायची नाहीत. पोरगं चार मिनिटं बोलून परेडला जातं आणि ते शब्द आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतं. दुसरी, पत्र लिहा. पत्र उशिरा पोचतं, पण ते पोरगं दहा वेळा वाचतं. मी शाळा सोडल्यापासून कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. बातम्या लिहितो, पण पोराला काय लिहावं हे सुचायला दोन रात्री गेल्या. शेवटी गाईला कालवड झाली ते लिहिलं, कांद्याचा भाव लिहिला, आणि आई बरी आहे म्हणून लिहिलं.

सही बापाची असते

भरतीचं वय साडेसतरापासून सुरू होतं. पोरगं अठराच्या आत असेल तर नावनोंदणीच्या कागदावर आईबापाची सही लागते. आमच्या पोराला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने होते. सही मी केली. घरी आल्यावर मंडळींनी विचारलं, "वाचलं का काय लिहिलंय ते?" खरं सांगतो, मी पूर्ण वाचलं नव्हतं. नंतर वाचलं. प्रत्येक बापानं आधी वाचावं, म्हणून इथं मांडतो.

मध्येच मन लागत नाही म्हणून स्वतःहून सोडून यायची मुभा नाही. अपवादात्मक कारण असेल तरच परवानगी मिळते, आणि तेव्हा सेवानिधीत फक्त स्वतः भरलेले पैसे आणि त्यावरचं व्याज मिळतं.

जीवाचा धोका पहिल्या वर्षापासून आहे, हेही घरात बोलून ठेवावं. बुलढाणा जिल्ह्यातले अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेले. भरती होऊन वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवानिधी आणि उरलेल्या काळाचा पगार मिळतो. पण कायमच्या सैनिकाच्या घरच्यांना मिळते तशी कुटुंब पेन्शन नाही. हे लिहिताना हात थांबतो. पण सही करणाऱ्याला माहीत असायला पाहिजे.

पैशाचा हिशेब

गावात बोलतात, "अग्निवीराला तीस हजार पगार." पूर्ण गोष्ट अशी आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ३० टक्के, म्हणजे ९,००० सेवानिधीत कापले जातात. हातात २१,०००. सरकार सेवानिधीत तेवढेच ९,००० घालतं. चौथ्या वर्षी पगार ४०,००० होतो, हातात २८,०००. भत्ते वेगळे.

चार वर्षांत हातात येणारी रक्कम मिळून साधारण पावणेबारा लाख होते. शेवटी सेवानिधीचे व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार, त्यावर आयकर नाही. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. पोरगं कायम झालं तर मात्र त्याला सेवानिधीतला फक्त स्वतःचा वाटा आणि व्याज मिळतं. सरकारचा वाटा मिळत नाही, कारण पुढं पेन्शन असते.

आता आपल्याकडं काय होतंय? पहिल्या पगारापासून घराचं बांधकाम निघतं. अकॅडमीची फी भरायला काढलेलं कर्ज असतं, ते फेडलंच पाहिजे. पण त्यानंतर गाडी, बहिणीचं लग्न, स्लॅब असं सुरू होतं. एक दादा मला म्हणाले, "अहो, पोरगं फौजेत आहे, बँक कर्ज देतीया." देईल. पण हप्ता सहा-सात वर्षांचा आणि नोकरी चार वर्षांची, हे गणित बसत नाही. घरातल्या माणसानं एवढा एकच नियम पाळावा : पोराच्या पगारावर चार वर्षांच्या पुढं जाणारा हप्ता घ्यायचा नाही.

सेवानिधीचे ११ लाख ७१ हजार सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तरी महिन्याला व्याज येतं साधारण ६,८०० रुपये. पेन्शनची जागा ते घेत नाही. हे पैसे धंद्याला, शिक्षणाला किंवा विहीर-ठिबकला लावले तरच उपयोग. मांडवात आणि डीजेत गेले तर चार वर्षं पोरानं पळून काय मिळवलं?

परत आला तर काय म्हणायचं?

मला खरी काळजी इथं वाटते. चारातला एक कायम होणार, म्हणजे तीन परत येणार. ते तिघं नालायक म्हणून परत येणार नाहीत. योजनेतच तसं लिहिलंय. पण गाव काय म्हणणार? जी माणसं भरती झाल्यावर बॅनर लावतात, तीच पारावर बसून "काढून टाकला वाटतं" म्हणतील. मुलीचा बाप विचारेल, "पुढं काय?" तेव्हा घरच्यांनी मान खाली घातली तर पोरगं कुणाकडं बघणार?

म्हणून तयारी आतापासून पाहिजे. दहावीवर गेलेल्या अग्निवीराला बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळायची सोय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत केलेली आहे. इग्नूतून पदवीही घेता येते, तिच्यात फौजेतल्या कामाचे निम्मे गुण धरतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांना २०२२ मध्ये १० टक्के जागा जाहीर झाल्या होत्या. फोनवर "कायम होशील ना रं?" असं दर वेळी विचारण्यापेक्षा "पदवीचा फॉर्म भरलास का?" हे विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात नाही, दुसऱ्याचं आहे.

आणि एक सावधगिरी. भरती, पोस्टिंग किंवा कायम करून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल आता आईबापाला गाठणार. असं कुणी करून देऊ शकत नाही. पैसे द्यायचे नाहीत, पोलिसांत सांगायचं.

ग्रामपंचायतींनाही एक विनंती. आपल्या गावची किती पोरं अग्निवीर म्हणून गेली, कुणाची चार वर्षं कधी भरतात, याची वही ग्रामसेवकाकडं असावी. ग्रामसभेत एकदा बँकेच्या माणसाला बोलवून सेवानिधीबद्दल आईबापाला माहिती द्यावी. बॅनरपेक्षा खर्च कमी येईल.

आमचा पोरगा ट्रेनिंग संपवून कसम परेडला उभा राहिला तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. शंभर पोरांत तो आम्हाला आधी ओळखूच आला नाही. डोकं बारीक, अंगानं वाळलेला, पण ताठ. परेड संपल्यावर आईजवळ आला आणि पहिलं विचारलं, "कालवड किती मोठी झाली?" पत्र पोचलं होतं.