तार गेली, जबाबदारी जाऊ नये

घरोघरचे लँडलाइन फोन गेले, याचे दुःख करत बसण्यात अर्थ नाही. २००६च्या सुमारास देशात जवळपास पाच कोटी लँडलाइन होत्या. २०२० पर्यंत त्या दोन कोटींवर आल्या. त्यानंतर वाढ दिसते, ती मुख्यतः फायबर इंटरनेटमुळे. मोबाइल स्वस्त आणि सोयीचा आहे, लोकांनी तो निवडला हे योग्यच झाले. पण जुन्या फोनचा एक गुण या व्यवहारात हिशेबातून निसटला. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून, बोलण्याच्याच तारेने घरापर्यंत येत असे. गावची वीज गेली तरी फोन चालू राही. आज मोबाइल चार्ज केलेला असला, तरी टॉवरची बॅटरी उतरली आणि डिझेल संपले की तो मुका होतो.

शहरात ही तासाभराची गैरसोय ठरते. गडचिरोलीतल्या हेमलकशाकडे ती जिवावर बेतू शकते. हेमलकसा आणि तालुक्याचे ठिकाण भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आहे. पावसाळ्यात तिला पूर आला की रस्ता बंद पडतो. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना नदीच्या अलीकडे हेमलकशात, तर अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण पलीकडे असू शकतो. पुरात माणूस पोचत नाही तेव्हा निदान डॉक्टरांचा सल्ला पोचला पाहिजे. नेमक्या अशाच वेळी वीजही जाते.

यावर कोणी म्हणेल, इथल्या पाड्यांवर लँडलाइन पोचलीच कधी? आणि तांब्याच्या ताराही वादळात तुटतच होत्या. दोन्ही आक्षेप खरे आहेत. म्हणूनच मागणी जुन्या तारा परत आणण्याची नाही. काहीही झाले तरी एक फोन चालू ठेवण्याची आहे. खर्चाचा प्रश्न निघेल, पण दुर्गम भागातल्या दूरसंचार सेवेसाठी सरकारचा निधी २००२ पासून आहे आणि नक्षलग्रस्त भागात त्यातून टॉवरही उभारले गेले. मात्र टॉवर उभारल्याने काम संपत नाही. मुसळधार पावसातही तो किती तास चालतो, हे मोजले पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत आणि ग्रामपंचायतीत सौरऊर्जेची पुरेशी बॅटरी असलेली एक खात्रीची जोडणी हवी. जिथे फायबर टिकत नाही, तिथे उपग्रहाची द्यावी. आणि तिची चाचणी दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, झालीच पाहिजे.