शोधायची मजुरी

परवा टेबल आवरताना जळका पिस्टन पुन्हा हाताला लागला. "हे भंगार कधी टाकणार?" असं घरातून विचारून झालंय. टाकणार नाही. का, ते आज लिहूनच टाकतो.

देवबागच्या माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादाची, छोटी होडी आहे. मागे टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, एक वर एक खाली. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा खालचा पिस्टन जाम झाला. मेस्त्रीने सिलिंडर बोअर केला, नवा पिस्टन घातला, नव्या रिंगा बसवल्या. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात. आणि गणपतीच्या चार दिवस आधी दादाचा फोन: "इंजिन परत बसलां रे."

बसलं ते कुठे, तर कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी. सुकती लागलेली, पाणी बाहेर ओढत होतं, पुढे लाटा फुटत होत्या. होडीत दादा आणि त्याचा सोळा वर्षांचा मुलगा. शेजारच्या होडीने दोर टाकला म्हणून दोघं घरी आले. दादाने हे फोनवर सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं.

आणि मी, पुण्यात बसलेला मेकॅनिकल इंजिनिअर, फोनवर ताबडतोब निकाल दिला. मेस्त्रीने नीट बसवलं नसणार, नाहीतर पार्ट डुप्लिकेट असणार. आपल्याकडे ही दोन कारणं तयारच असतात, बघावं लागत नाही.

गणपतीला गेलो तेव्हा कॉम्प्रेशन गेज घेऊन गेलो. दोन्ही प्लग काढले, त्यांच्या वायरी अर्थ केल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. वरचा सिलिंडर ११५ पौंड, खालचा ६०. गेजागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण एकाच इंजिनाच्या दोन सिलिंडरांत एवढा फरक म्हणजे आत काहीतरी गेलंय. काय गेलंय ते कळतं, का गेलंय ते गेज सांगत नाही.

हेड उघडलं. खालच्या पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू खरवडून निघालेली, ॲल्युमिनियम वितळून रिंगांवर सारवल्यासारखं झालेलं, रिंगा खाचेत अडकलेल्या. वरचा पिस्टन मात्र स्वच्छ.

इथे मी गप्प झालो. ऑइलचं प्रमाण चुकलं असतं तर दोन्ही पिस्टनवर खुणा हव्या होत्या. दोघांना पेट्रोल एकाच टाकीतून जातं. थंड पाण्याचा पंप बिघडला असता तरी सहसा दोघांनाही झळ लागली असती. रिंग चुकीची बसवली असती तर ती पोर्टमध्ये अडकून तुटली असती, आणि इथे रिंगा अखंड होत्या. म्हणजे कारण एकट्या खालच्या सिलिंडरचं होतं, आणि पिस्टनच्या बाहेर होतं. आमच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरचा कार्ब्युरेटर वेगळा. खालचा उघडला. मेन जेट जुन्या पेट्रोलच्या चिकट राळेने अर्धा बुजलेला.

टू-स्ट्रोकला ऑइलची वेगळी टाकी नसते (निदान आमच्याला नाही). लिटरमागे २० मिली ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, इंजिन नवं बांधलं असेल तर सुरुवातीला ४०. त्यामुळे पेट्रोल कमी आलं की ऑइलही कमी येतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी म्हणून पिस्टन जास्त तापतो, आणि नेमका तेव्हाच त्याला वंगण मिळत नाही. एक्झॉस्टची बाजू आधीच सगळ्यात गरम, म्हणून पहिली तीच जाते. या जेटवर आणखी दहा नवे पिस्टन घातले असते तरी दहाही गेले असते.

आता कबुली. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी मेस्त्रीचा मला फोन आला होता. पैसे मी देत होतो म्हणून. तो म्हणाला होता, "भाऊ, खालचो प्लग पांढरो फटक आसा. कार्ब्युरेटर उघडूक व्हयो. दोन दिवस द्या." वरचा प्लग तांबूस, खालचा पांढरा. अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं. मी काय म्हणालो? "पिस्टन बदला, बाकी चालतंय ना? पौर्णिमा चुकवू नका." शिवाय त्या दोन दिवसांची मजुरी मला जास्त वाटली होती. पिस्टनचे पैसे मात्र घासाघीस न करता दिले.

मला म्हणायचंय ते एवढंच. आपण वस्तूचे पैसे देतो, बसवायचे देतो, पण शोधायचे द्यायला आपला हात आखडतो. मेस्त्री नुसता बघत बसलाय, प्लग हातात धरून विचार करतोय, ते आपल्याला काम वाटत नाही. मग तोही शहाणा होतो. गिऱ्हाइकाला पार्ट बदललेला आवडतो ना, मग बदलतो. पुन्हा बिघडलं की आपण त्यालाच चोर म्हणतो. डॉक्टरने गोळ्या न देता नुसतं तपासलं तर फी देताना आपण असेच कुरकुरतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मेस्त्रीची माफी मागितली. तो हसला, "चलता हो" म्हणाला. यावेळी त्याने त्याचे दोन दिवस घेतले. दोन्ही कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा, सगळं पाहिलं. शंका नको म्हणून क्रँकचं खालचं सील बदललं, कारण तिथून हवा ओढली गेली तरी हेच होतं. मग नवा पिस्टन. बिलात पार्टांच्या खाली त्याने मजुरीची एकच रक्कम लिहिली होती. मी त्याला शोधायची वेगळी लिहायला लावली.

वहिनी अजूनही होडी परत येईपर्यंत पडवीत बसते. ते माझ्यामुळे.